प्रतिपिंडाची साक्ष किती ग्राह्य मानावी?

प्रयोगशाळेत संशोधनासाठी विकत घेतल्या जाणाऱ्या प्रतिपिंडाची कुपी बहुधा शंभर मायक्रोलिटरची, म्हणजे जेमतेम दोन थेंबांची असते. तिची किंमत चार-पाचशे डॉलरच्या घरात जाते. कुपीवरच्या चिठ्ठीवर एका प्रथिनाचे नाव छापलेले असते आणि हे प्रतिपिंड त्या प्रथिनाला, आणि केवळ त्यालाच, जाऊन चिकटेल अशी ग्वाही विक्रेत्याच्या सूचीत दिलेली असते. जगभरातील जीवशास्त्राचे आणि वैद्यकाचे हजारो निष्कर्ष या ग्वाहीवर उभे आहेत. ही ग्वाही किती वेळा खोटी ठरते, याचा आजवरचा सर्वांत पद्धतशीर हिशेब २०२३ मध्ये ‘ई-लाइफ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील कार्ल लाफ्लाम, पीटर मॅकफर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूविज्ञानाशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणारी ६१४ प्रतिपिंडे एकाच कसोटीवर घासून पाहिली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रतिपिंडे एका ना एका वापरात नापास झाली. याहून गंभीर बाब अशी, की ज्या प्रतिपिंडांना आपले लक्ष्य ओळखताच आले नाही, त्यांच्या आधारे काढलेली चित्रे दर प्रथिनामागे सरासरी बारा शोधनिबंधांत छापून आलेली आढळली.

हा केवळ प्रयोगशाळांच्या चार भिंतींतला वाद नाही. कोणते औषध कोणत्या प्रथिनावर काम करेल, कोणत्या रोगात कोणते प्रथिन वाढते वा घटते, याची पहिली साक्ष बहुतेक वेळा प्रतिपिंडच देत असते. साक्षीदारच चुकीचा माणूस ओळखत असेल, तर पुढील सारा खटला व्यर्थ होय. पोटॅशियम वाहिन्यांच्या संशोधनात या व्यर्थतेची उदाहरणे विशेष ठळकपणे दिसतात आणि म्हणून त्या वाहिन्यांच्या निमित्ताने हा विषय समजून घेणे सोयीचे आहे.

प्रतिपिंड म्हणजे शरीराने परक्या पदार्थाविरुद्ध तयार केलेले प्रथिन. महाराष्ट्राला या तंत्राचा परिचय जुना आहे. परळच्या हाफकिन संस्थेने सर्पविष टोचलेल्या घोड्यांच्या रक्तजलापासून प्रतिविष बनवण्याची परंपरा उभी केली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या नावातच हा अश्वरक्तजलाचा वारसा आहे. घोड्याच्या रक्तात एका विषाविरुद्ध अनेक प्रकारची प्रतिपिंडे निर्माण होतात. त्यांतील काही विषाच्या एका भागाला चिकटतात, काही दुसऱ्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच औषध चालावे असे जेथे हवे असते, तेथे ही विविधता वरदान ठरते. नेमके उलट घडते ते शोध घेण्याच्या कामात. ऊतीच्या पातळ छेदात वीसएक हजार जनुकांपैकी एकाच जनुकाचे प्रथिन हुडकायचे असेल, तर शेजारच्या चार प्रथिनांनाही चिकटणारे मिश्रण घातक ठरते. सशाच्या रक्तातून मिळवलेल्या प्रतिपिंडांची आणखी एक अडचण म्हणजे तो ससा मेला की ते मिश्रणही संपते. दुसऱ्या सशाचे प्रतिपिंड त्याच नावाने, त्याच क्रमांकाने विकले जाते. पण ते तेच असेलच असे नाही.

केंब्रिजमध्ये सीझर मिलस्टाइन आणि जॉर्ज कोहलर यांनी १९७५ मध्ये एकाच पेशीच्या वंशातून एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड मिळवण्याची रीत शोधली आणि १९८४ मध्ये त्यांना नील्स येर्ने यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. या मोनोक्लोनल प्रतिपिंडांमुळे मिश्रणाचा प्रश्न सुटला, परंतु ओळखीचा सुटला नाही. एकाच प्रकारचे प्रतिपिंडही चुकीच्या प्रथिनाला तितक्याच निष्ठेने चिकटू शकते.

आता पोटॅशियम वाहिन्यांविषयी. पेशीच्या पटलातून पोटॅशियमचे आयन आत-बाहेर सोडणारी ही सूक्ष्म दारे होत. मानवात त्यांची सुमारे ऐंशी जनुके आहेत. हृदयाचा प्रत्येक ठोका संपून स्नायू पुन्हा सज्ज होतो तो यांच्यामुळे. मज्जातंतूतील संदेश थांबतो तो यांच्यामुळे. स्वादुपिंडातील पेशी इन्सुलिन सोडतात ते यांतील एक वाहिनी बंद झाल्यावर. मधुमेहाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या हीच वाहिनी बंद करतात. जन्मतःच मधुमेह झालेल्या काही बालकांत याच वाहिनीच्या ‘केआयआर ६.२’ या घटकाच्या जनुकात दोष असतो, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. त्यानंतर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांची इन्सुलिनची सुई सुटून ते गोळ्यांवर आले. उलट बाजूस, हृदयातील ‘हर्ग’ नावाची वाहिनी नकळत रोखणारी औषधे जीवघेणी ठरतात. टर्फेनाडिन आणि सिसाप्राइड ही एकेकाळची लोकप्रिय औषधे अमेरिकेच्या बाजारातून अनुक्रमे १९९८ आणि २००० मध्ये गेली ती याच कारणाने. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या पोटॅशियम वाहिनीची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली आणि २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. वाहिनी कशी दिसते हे त्यामुळे कळले. पण ती हृदयाच्या, मेंदूच्या वा मूत्रपिंडाच्या कोणत्या पेशीत, पेशीच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, हे सांगण्याचे काम आजही प्रामुख्याने प्रतिपिंडाकडेच आहे.

आणि नेमक्या याच प्रथिनांसाठी चांगले प्रतिपिंड बनवणे अवघड आहे. वाहिनीचा मोठा भाग पटलाच्या स्निग्ध थरात बुडालेला असतो. प्रतिपिंडाला धरण्याजोगे उघडे भाग थोडे. एका कुटुंबातील वाहिन्या परस्परांसारख्या असतात, त्यामुळे एकीचे प्रतिपिंड दुसरीलाही चिकटते. शिवाय माणसाची, उंदराची आणि सशाची वाहिनी इतकी सारखी असते, की सशाच्या शरीराला ती परकी वाटतच नाही. ऊतीत तिचे प्रमाणही बहुधा अत्यल्प असते. म्हणजे जे प्रथिन विपुल आहे त्याला प्रतिपिंड किंचित जरी चिकटले, तरी खऱ्या लक्ष्याचा क्षीण संकेत त्याखाली गाडला जातो. त्यात रुग्णालयांतील ऊती फॉर्मलिनमध्ये ठेवून मेणात गोठवलेल्या असतात. फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकते, त्यांची घडण बदलते, आणि ज्या आकाराविरुद्ध प्रतिपिंड तयार केले तो आकारच उरत नाही. मग काचपट्टीवर तपकिरी रंग उमटतो खरा. तो कशाचा, हे रंग सांगत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण हृदयरोगाच्या संशोधनातील आहे. कुत्र्याच्या हृदयाचा रक्तपुरवठा थोडा थोडा वेळ रोखून पुन्हा सुरू केला, तर नंतरच्या मोठ्या झटक्यात हृदयाची हानी बरीच कमी होते, असे १९८६ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स मरी, रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांनी दाखवले. हे संरक्षण कोठून येते याचा शोध सुरू झाला. दरम्यान १९९१ मध्ये जपानी संशोधकांनी उंदराच्या यकृतातील तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियामध्ये, एटीपीने बंद होणारी पोटॅशियम वाहिनी असल्याचे विद्युतमापनाने नोंदवले. डायझॉक्साइड हे औषध ही वाहिनी उघडते आणि हृदयाला वाचवते, असे १९९७ च्या सुमारास पुढे आले. औषधनिर्मितीच्या दृष्टीने हा मोठाच दुवा होता. प्रश्न उरला एवढाच, की ही वाहिनी कोणत्या प्रथिनाची बनली आहे? त्याच वर्षी, म्हणजे १९९७ मध्ये, प्रतिपिंडाच्या आधारे एक उत्तर सुचवले गेले. ‘केआयआर ६.१’ हे पेशीपटलावरील वाहिनीचे प्रथिन तंतुकणिकांतही दिसते, तेव्हा बहुधा तेच असावे. पुढे इतर प्रयोगशाळांनाही या प्रथिनाची म्हणून विकली जाणारी प्रतिपिंडे तंतुकणिकांवर चमकताना दिसली. चित्रे छापली गेली, आकृत्या रेखाटल्या गेल्या, आणि गृहीतक पाठ्यपुस्तकी सत्याच्या दिशेने सरकू लागले.

२००८ मध्ये डी. ब्रायन फॉस्टर, एडुआर्डो मार्बान आणि सहकाऱ्यांनी एक साधी, परंतु त्या अकरा वर्षांत कुणी नीटशी न केलेली गोष्ट केली. प्रतिपिंड ज्या प्रथिनाला चिकटत होते, ते प्रथिनच त्यांनी वेगळे काढले आणि वस्तुमानमापकाने त्याची ओळख पटवली. केआयआर ६.१ चे अपेक्षित वजन सुमारे ४८ किलोडाल्टन. प्रतिपिंडाने दाखवलेले पट्टे होते ४८ आणि ५१ किलोडाल्टनचे. वजन जुळत होते आणि त्यामुळेच आजवर कुणाला शंका आली नव्हती. पण त्या पट्ट्यांतली प्रथिने निघाली आयसोसायट्रेट डिहायड्रोजिनेज आणि एनएडीएच डिहायड्रोजिनेजचा एक घटक. दोन्ही तंतुकणिकांतील नित्याची, विपुल आढळणारी विकरे. पोटॅशियम वाहिनीशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. वजन जुळले म्हणजे ओळख पटली, हा समज किती पोकळ आहे हे याहून स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

त्यानंतरची वाटचालही बोधक आहे. २०१२ मध्ये फॉस्टर यांच्याच गटाने मूत्रपिंडातील ‘रोम्के’ नावाच्या दुसऱ्या पोटॅशियम वाहिनीचे नाव पुढे केले. २०१९ मध्ये इटलीतील पादुआ विद्यापीठाच्या दिएगो दे स्तेफानी आणि रोझारियो रिझुतो यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये तिसरेच उत्तर मांडले. तोवर ‘सीसीडीसी ५१’ अशा रुक्ष नावाने नोंदलेले प्रथिन ही वाहिनी घडवते आणि ‘एबीसीबी ८’ हे प्रथिन तिचे नियमन करते, असे त्यांनी शुद्ध प्रथिनांवरील विद्युतमापन आणि जनुक काढून टाकलेले उंदीर यांच्या आधारे दाखवले. या प्रथिनाचे केआयआर कुटुंबाशी काहीच नाते नाही. म्हणजे पहिल्या नोंदीपासून या उत्तरापर्यंत २८ वर्षे गेली आणि त्यांतील निदान एक तप चुकीच्या घराचे दार ठोठावण्यात खर्ची पडले. सर्व दोष प्रतिपिंडाच्या माथी मारता येणार नाही. वाहिनीचे मापनच कठीण होते. तरी ओळखीची शहानिशा १९९७ मध्येच झाली असती, तर शोधाची दिशा वेगळी राहिली असती, हे नाकारता येत नाही.

दुसरे उदाहरण थेट रुग्णशय्येपाशी नेणारे आहे. येथे प्रतिपिंड कुपीतले नव्हते, रुग्णाच्या रक्तातले होते. पण चूक त्याच जातीची होती. अचानक स्मृती ढासळणे, आकडी येणे, वर्तन बदलणे अशा तक्रारींनी येणाऱ्या काही प्रौढ रुग्णांच्या रक्तात पोटॅशियम वाहिनीविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात आणि अशा रुग्णांना प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या उपचारांचा गुण येतो, असे ऑक्सफर्डच्या अँजेला व्हिन्सेंट यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले. पूर्वी असाध्य समजला जाणारा एक मेंदूविकार त्यामुळे उपचारांच्या कक्षेत आला. चाचणीची पद्धत अशी होती की, प्राण्याच्या मेंदूतून वाहिनीची प्रथिने सौम्य साबणासारख्या द्रव्याने विरघळवून काढायची, माम्बा जातीच्या सापाचे किरणोत्सारी केलेले विष त्यांना जोडायचे, आणि रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे त्यांना पकडतात का ते पाहायचे. सौम्य द्रव्यामुळे वाहिनी एकटी बाहेर येत नसे. तिला बिलगलेली इतर प्रथिनेही सोबत येत. २०१० मध्ये ऑक्सफर्डच्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी जाहीर केले, की बहुतेक रुग्णांची प्रतिपिंडे वाहिनीला चिकटतच नाहीत. ती चिकटतात ‘एलजीआय १’ आणि ‘कॅस्पर २’ या सोबतच्या प्रथिनांना.

यातून निदान अधिक अचूक झाले, ही जमेची बाजू. पण जुनी चाचणी अनेक ठिकाणी सुरूच राहिली. ती सकारात्मक येते, मात्र एलजीआय १ आणि कॅस्पर २ या दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडे नाहीत, असे कितीतरी अहवाल निघत राहिले. अशा निकालाला रोगनिदानाच्या दृष्टीने अर्थ नाही, असा निष्कर्ष डच संशोधकांनी २०१६ मध्ये काढला. चाचणीच्या नावात ‘पोटॅशियम वाहिनी’ आहे म्हणून रुग्णाचा रोगही वाहिनीचा, ही समजूत पुसायला अशी वर्षे लागतात. नाव एकदा चिकटले की ते प्रतिपिंडापेक्षाही घट्ट चिकटते, असे येथे म्हणावेसे वाटते.

मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराबाबत तर आशा क्षणभर फारच उंचावली होती. या आजाराच्या ३९७ रुग्णांपैकी १८६ जणांच्या, म्हणजे जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात ‘केआयआर ४.१’ या पोटॅशियम वाहिनीविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याचे म्युनिकच्या गटाने २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केले, निरोगी ५९ जणांत एकही नाही. रक्ताच्या साध्या तपासणीने या आजाराचे निदान होईल, असे चित्र निर्माण झाले. २०१४ मध्ये मेयो क्लिनिकच्या गटाला वेगळ्या पद्धतींनी तपासूनही तो निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. इतर गटांचाही अनुभव तसाच आला. ऊतीतून वाहिनी शुद्ध कशी काढली, तिच्यासोबत आणखी काय आले, या प्रश्नांभोवतीच हा वाद फिरत राहिला.

दोष माहीत नव्हता असे मुळीच नाही. मेंदूरचनेच्या अभ्यासातील प्रतिष्ठित ‘जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी’च्या संपादकांनी २००३ मध्येच या विषयावर सडेतोड लिहिले होते आणि लेखकांकडून प्रतिपिंडाच्या विशिष्टतेचे पुरावे मागण्यास सुरुवात केली होती. त्या काळी सर्वमान्य असलेली एक कसोटी त्यांनी निकालात काढली. प्रतिपिंड ज्या लहानशा प्रथिनखंडाविरुद्ध तयार केले, तो खंड आधीच मिसळला आणि रंग उमटेनासा झाला, तर प्रतिपिंड खरे, असे मानले जाई. पण प्रतिपिंडाचा धरणारा हातच आधी अडकवून ठेवला, तर ते कोणालाच धरणार नाही; खऱ्यालाही नाही आणि खोट्यालाही नाही. या कसोटीतून इतकेच कळते की प्रतिपिंड त्या खंडाला चिकटते. ऊतीत ते कोणाला चिकटते, हे कळत नाही. आश्चर्य असे, की ही कसोटी अजूनही अनेक सूचीपत्रांत आणि प्रबंधांत पुरावा म्हणून डौलाने मिरवते.

खरी कसोटी एकच, आणि ती समजायला सोपी आहे. ज्या पेशीत वा प्राण्यात ते जनुकच काढून टाकले आहे, तेथेही रंग उमटला तर प्रतिपिंड खोटे बोलत आहे. एकेकाळी असा उंदीर तयार करायला एखाद्या संशोधकाची दोन-तीन वर्षे जात. २०१२ नंतर क्रिस्पर तंत्राने जनुक काढलेल्या पेशी काही आठवड्यांत मिळू लागल्या आणि सबबीला जागा उरली नाही. २०१६ मध्ये मातियास उलेन यांच्या पुढाकाराने जमलेल्या आंतरराष्ट्रीय गटाने प्रतिपिंड पारखण्याचे पाच मार्ग मांडले. त्यांत जनुकीय कसोटीला पहिले स्थान होते.

तरीही बाजार चालतो तसा चालतो. त्याचे कारण लबाडी हे क्वचितच असते. बहुधा ते सोय हे असते. संशोधक प्रतिपिंड निवडतो ते ज्याचा उल्लेख सर्वाधिक निबंधांत आहे ते. त्याने निवडले की उल्लेखांत आणखी एकाची भर पडते. विशिष्ट मज्जाविकाराशी निगडित ‘सी ९ ओआरएफ ७२’ या प्रथिनासाठीची सोळा प्रतिपिंडे लाफ्लाम यांनी २०१९ मध्ये तपासली, तेव्हा सर्वाधिक उद्धृत झालेलीच अपुरी ठरली. विक्रेत्यांपैकी अनेक जण प्रतिपिंड स्वतः बनवत नाहीत. एकच प्रतिपिंड वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावून फिरते. मग एका विक्रेत्याच्या मालाची खातरजमा दुसऱ्याच्या मालाने केली, तरी ती खातरजमा ठरत नाही. अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुक्थुन यांनी २०१५ मध्ये शंभरावर सहस्वाक्षरीकारांसह ‘नेचर’मध्ये जो लेख लिहिला, त्यात निकृष्ट प्रतिपिंडांवर जगभरात दरवर्षी ८० कोटी डॉलर वाया जातात, असा अंदाज दिला होता. त्यांचा उपाय मूलगामी होता. प्रतिपिंडाची ओळख सूचीक्रमांकाने न ठरवता त्याच्या जनुकक्रमाने ठरवावी आणि ते प्राण्यात न वाढवता पेशींत पुनर्संयोजित पद्धतीने बनवावे. एकदा क्रम हाती आला की कोणताही कारखाना, कोणत्याही वर्षी, हुबेहूब तेच प्रतिपिंड देऊ शकतो.

पोटॅशियम वाहिन्यांच्या क्षेत्रात हा मार्ग प्रत्यक्ष चोखाळला गेला आहे, हे आवर्जून नोंदवायला हवे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील जेम्स ट्रिमर यांची प्रयोगशाळा अमेरिकी शासनाच्या निधीतून मेंदूतील प्रथिनांसाठी मोनोक्लोनल प्रतिपिंडे तयार करीत आली. ‘केव्ही २.१’ या वाहिनीसाठीचे ‘के ८९/३४’ हे प्रतिपिंड त्यांतलेच. नळीतल्या चाचणीत उत्तीर्ण झालेल्या पेशीवंशांपैकी कितीतरी मेंदूच्या छेदावर निरुपयोगी ठरतात, म्हणून छेदावरची परीक्षा सुरुवातीपासूनच घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता. २०१९ पासून त्यांनी या प्रतिपिंडांचे जनुकक्रम काढून ते सर्वांसाठी खुले केले. ज्याला हवे त्याने ते घेऊन स्वतः प्रतिपिंड बनवावे. खासगी सूचीपत्रांतील ‘गोपनीय’ शिक्क्याच्या तुलनेत ही वृत्ती किती वेगळी आहे, हे वेगळे सांगायला नको.

माँट्रियलच्या प्रकल्पाचे फळही अशाच सहकार्यातून आले. कंपन्यांनी आपणहून प्रतिपिंडे मोफत दिली आणि निकाल काहीही लागला तरी तो प्रसिद्ध होईल, हे मान्य केले. परिणामी नापास ठरलेल्यांपैकी सुमारे २० टक्के प्रतिपिंडे बाजारातून मागे घेतली गेली आणि सुमारे ४० टक्क्यांच्या वापराविषयीच्या शिफारशी बदलण्यात आल्या. तिन्ही प्रकारांत पुनर्संयोजित प्रतिपिंडे सरस ठरली. मात्र या प्रकल्पाची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. त्याच्या चाचण्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर होतात; फॉर्मलिनमधून काढलेल्या मानवी ऊतींवर नव्हे. ऊतीच्या छेदात एखादी पोटॅशियम वाहिनी दाखवणारे प्रतिपिंड या यादीत उत्तीर्ण आहे म्हणून तेथेही खरे ठरेल, असा निष्कर्ष काढता येत नाही. ते काम आजही प्रत्येक संशोधकाच्या अंगावर आहे.

येथे रोगनिदानासाठी वापरली जाणारी प्रतिपिंडे आणि संशोधनासाठी विकली जाणारी प्रतिपिंडे यांत फरक करणे आवश्यक आहे, अन्यथा रुग्णांत विनाकारण भय पसरेल. स्तनाच्या कर्करोगात ‘हर २’ प्रथिन तपासणारी प्रतिपिंडे कठोर नियमनातून आलेली असतात आणि प्रत्येक तपासणीसोबत ज्ञात नमुनाही तपासला जातो. तरी तेथेही शिस्त आपोआप आली नाही. हर २ च्या सुमारे २० टक्के तपासण्या अचूक नसाव्यात, असे अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या आणि विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनांनी २००७ मध्ये स्वतःच मान्य केले आणि नियम घालून दिले. संशोधनाच्या प्रतिपिंडांवर असा कोणताही अंकुश नाही. ‘केवळ संशोधनासाठी’ ही चिठ्ठीवरची ओळ विक्रेत्याला जवळजवळ सर्व जबाबदारीतून मुक्त करते.

भारतातील प्रयोगशाळांना या प्रश्नाची झळ दुहेरी बसते. बहुतेक प्रतिपिंडे आयात होतात. मागणी नोंदवल्यापासून कुपी हाती येईपर्यंत आठवडे, कधी महिने जातात आणि प्रवासात थंडावा टिकला का याची खात्री नसते. ती नापास निघाली तर दुसरी मागवण्याइतका वेळ आणि पैसा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याकडे क्वचितच उरतो. मग हाती आहे त्याच प्रतिपिंडाचे ‘बरे दिसणारे’ चित्र प्रबंधात जाते. त्यावर सरकारी खरेदीचा दंडक होता तो सर्वांत कमी किमतीच्या निविदेचा. टेबल-खुर्च्यांसाठी हा दंडक योग्य असेल. परंतु एकाच प्रथिनाच्या दोन प्रतिपिंडांपैकी एक निरुपयोगी आहे हे निविदेच्या तक्त्यात कोठे दिसणार? वैज्ञानिकांनी ही तक्रार वर्षानुवर्षे केली. जून २०२५ मध्ये केंद्राने नियम शिथिल केले. वैज्ञानिक संस्थांच्या संचालकांना आणि कुलगुरूंना शासकीय ई-बाजारपेठेबाहेरून खरेदीचा अधिकार मिळाला आणि निविदेविना थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपयांवर गेली. स्वागतार्ह असा हा बदल आहे. त्यामुळे चांगले प्रतिपिंड मागवणे सोपे झाले. चांगले कोणते, हे कळण्याची सोय मात्र अद्याप व्हायची आहे.

ती सोय देशात उभी करणे अशक्य कोटीतले नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडे देशातील प्रयोगशाळांना पेशीवंश पुरवण्याचा अनेक दशकांचा अनुभव आहे. नेहमी अभ्यासल्या जाणाऱ्या काही शंभर प्रथिनांची जनुके काढलेल्या पेशी आणि त्यांचे मेणातले छेद अशा एखाद्या केंद्रातून नाममात्र दरात मिळू लागले, तर कोल्हापूर वा नांदेडच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यालाही आपल्या कुपीची परीक्षा दोन दिवसांत घेता येईल. संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांनी, विशेषतः नव्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने, प्रस्तावातच प्रतिपिंडाच्या पडताळणीसाठी वेगळी तरतूद मागितली, तर ती रक्कम एकूण खर्चाच्या मानाने नगण्य ठरेल. विद्यापीठांच्या संशोधन समित्याही प्रबंध स्वीकारताना एक प्रश्न विचारू शकतात: हे प्रथिन नसलेल्या ऊतीवर हा रंग उमटतो का? सध्या तो प्रश्न बहुधा मौखिक परीक्षेत बाहेरून आलेला एखादा खडूस परीक्षक विचारतो आणि विद्यार्थी मार्गदर्शकाच्या तोंडाकडे पाहतो.